रायव्हल म्हणजे एका पाण्यावरची

अक्का,

परवा तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी मी तुमचं पाणी चोरलं. लपूनछपून नाही. पंप लावून, विहिरीच्या काठावर बसून, दिवसाढवळ्या. आज गुरुवार, म्हणजे पाळी तुमची, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच चोरलं.

का चोरलं ते सांगते. पण तुम्ही असतात तर लगेच हात वर करून म्हणाला असतात, "मास्तरीन, शेपटाकडून नको, तोंडाकडून सांग." शाळेत तीस वर्षं मी मुलांना इंग्रजी निबंधाची सुरुवात-मध्य-शेवट शिकवला आणि घरी तो तुमच्याकडून शिकत राहिले. तर तोंडाकडून सांगते. आज दोन जुन्या गोष्टी कबूल करायच्या आहेत. एक चोरीची आहे आणि एक खोटं बोलल्याची. तुम्ही समोर असताना दोन्ही जिभेवर आल्या आणि दोन्ही मी गिळल्या.

मी या मळ्यात आले तेव्हा मला काय येत होतं? देवळाली कॅम्पातल्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच पाण्याबद्दल ठाऊक. तुम्ही माझी थोरली जाऊ. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला चपला काढायला लावून टोमॅटोच्या सरीच्या टोकाला उभं केलंत. म्हणालात, "हितंच उभी ऱ्हा. बघू नको, मोजू नको. पायाला गार लागलं की हाक मार." मी वेड्यासारखी उभी राहिले. पाणी आलं, बोटांना लागलं, मी किंचाळले आणि तुम्ही त्या टोकाला फावड्याने सरी मोडून पाणी पुढच्या सरीत वळवलंत. मग तुम्ही इतक्या हसलात की फावडं हातातून पडलं. मला त्या दिवशी राग आला होता. तुमचे उपकार फेडण्याचे नव्हतेच, पण निदान सांगायला तरी हवे होते.

मग वाटण्या झाल्या. सासऱ्यांनी जमीन दोन भावांत सरळ कापली, पण विहीर कापता येईना. म्हणून त्यांनी दिवस कापले. सोमवार ते बुधवार आमचे, गुरुवार ते शनिवार तुमचे. रविवार कोणाचाच नाही, त्या दिवशी विहिरीने विसावा घ्यायचा. आणि त्याच रविवारी सकाळी दोन्ही घरांतून एकेकाने विहिरीवर यायचं, समोरासमोरच्या काठांवर उभं राहायचं आणि आत उतरायच्या लोखंडी कड्यांपैकी किती उघड्या पडल्या ते मोजायचं. दोघांचा आकडा जुळला की त्यावरून आठवड्याचे तास ठरवायचे. "बोलचाल असो नसो, रविवार चुकवायचा नाही," हे सासऱ्यांचं शेवटपर्यंतचं पालुपद होतं. दोन्ही भावांनी ते महिनाभर पाळलं आणि नंतर ते काम तुमच्या-माझ्या गळ्यात पडलं. पुढे भाऊजी गेले, आमच्या ह्यांची पाठ धरली, आणि ही विहीर दोन बायकांची झाली ती झालीच.

विहिरीचं पाणी पंपाने त्या बुटक्या हौदात पडतं आणि हौदातून दोन पाट निघतात. डावा तुमचा, उजवा माझा. ज्याची पाळी नाही त्याच्या पाटाच्या तोंडावर पत्रा घालायचा. तेलाच्या डब्याचा कापलेला, कडा गंजलेला तो पत्रा. आपली सगळी भाऊबंदकी त्या हातभर पत्र्यावर चालली.

भांडणाला निमित्त माझं घड्याळ झालं, हे मी मान्य करते. तुमची पाळी दर बुधवारी पंधरा-वीस मिनिटं आधीच सुरू होऊन माझ्यात घुसते, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून मी शाळेतलं मोडीत काढलेलं गजराचं घड्याळ आणून विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. "माझ्यावर घड्याळ बसवती का गं? मी काय तुझ्या शाळंतली पोर हाय?" असं म्हणून ते दोन बोटांत उचललंत आणि अलगद विहिरीत सोडलंत. धप्प. ते फाल्गुनातलं. त्यानंतर मार्गशीर्षापर्यंत आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

पण रविवार चुकला नाही! दर रविवारी तुम्ही त्या काठावर, मी या काठावर. मध्ये विहीर. तुम्ही कड्या मोजायच्या आणि आकडा मला न सांगता बांधावरच्या कडुलिंबाच्या झाडाला सांगायच्या. "लिंबा, सात उघड्या पडल्या रे." मग मीही त्या लिंबालाच सांगायची, "लिंबा, मला तर आठ दिसतात." "लिंबा, तिला म्हनाव चश्मा पूस." लिंब बिचारा दोघींच्या मध्ये उभा. आमचे हे घरात हसून लोळायचे आणि मला ते हसणं झोंबायचं.

आता पहिली कबुली. त्या अबोल्याच्या काळातच, चैत्र संपता संपता, तुम्ही एका शुक्रवारी दिंडोरीला लग्नाला गेला होतात. माझी कोथिंबीर सुकत होती. पत्रा काढला, उजवीकडचा पाट मोकळा केला आणि तुमच्या पाळीतलं तासभर पाणी मी माझ्या वाफ्यांना दिलं. नंतर पत्रा होता तसा घातला, पाय धुतले, केस विंचरून पेपर तपासायला बसले. वाटलं, कोणाला कळणार आहे?

रविवारी तुम्ही लिंबाला म्हणालात, "लिंबा, शुक्रवारी इकडं पाऊस झाला म्हनं. नुस्ता एकाच बाजूला."

बस. एवढंच. पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाहीत. बोलणं सुरू झाल्यावरही नाही, माझ्यावर चिडल्यावरही नाही. तुम्ही आरडाओरडा केला असतात तर मी कांगावा केला असता आणि आपण दोघी मोकळ्या झालो असतो. तुम्ही मला मोकळं केलंच नाहीत. अक्का, ते पाणी मी चोरलं होतं. चुकले मी. हे म्हणायला मला इतकी वर्षं लागली याची लाज वाटते.

आणि मग तो शब्द आला.

नववीच्या वर्गात दोन क्रिकेट संघांवरचा उतारा चालला होता. एका मुलीने विचारलं, "मॅडम, रायव्हल म्हणजे?" मी नेहमीसारखं फळ्यावर लिहिलं, 'प्रतिस्पर्धी'. ती म्हणाली, "ते गाईडमध्ये आहे, पण तो शब्द आला कुठून?" शिक्षकाला असं कोणी विचारलं की आधी राग येतो. मधल्या सुट्टीत मी कपाटातला जाड शब्दकोश काढला. पानावर लिहिलं होतं की मूळ लॅटिन. 'रीवुस' म्हणजे ओढा, वाहतं पाणी. त्यावरून 'रीवालिस', म्हणजे दुसऱ्याबरोबर एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. एका पाण्यावरचा शेजारी. म्हणजे कोणे एके काळी तिकडच्या शेतांवरही कोणीतरी कोणाची पाळी बघत उभं होतं, आणि त्या उभं राहण्याचा हा शब्द झाला होता.

शिक्षक-खोलीत मी एकटीच होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसू आलं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. दहा महिने मी रोज मनात तुम्हाला वैरी म्हणत होते आणि इंग्रजांचा वैऱ्यासाठीचा शब्द सांगत होता की ही तुझ्या विहिरीवरची बाई आहे.

त्या रविवारी तुम्ही लिंबाला आकडा सांगायच्या आत मी म्हटलं, "अक्का, रायव्हल म्हणजे काय, माहीत आहे का?"

तुम्ही लिंबाकडे बघूनच म्हणालात, "लिंबा, मास्तरीन कायतरी विंग्रजी म्हनती."

मी सगळं सांगितलं. ओढा, पाट, पाळी, सगळं. तुम्ही ऐकत राहिलात. मग तुम्ही थेट माझ्याकडे बघितलंत. "म्हंजे त्यांची बी भाऊबंदकी पाटावरच सुरू झाली म्हन की!" आणि तेच तुमचं हसणं, फावडं पाडणारं. मी विहिरीला वळसा घालून तुमच्या काठावर आले. तुम्ही पदराच्या गाठीतून भाजलेले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवलेत. त्या दिवशी आपण कड्या मोजायच्याच विसरलो.

पण गोड झालं म्हणून वाद थोडाच संपतो! तो तर तिथून पुढे सुरू झाला. मी तुम्हाला सांगितलं की पुढे लॅटिनमध्येच हा शब्द एकाच बाईवर जीव जडलेल्या दोन पुरुषांना लावू लागले. तुम्ही म्हणालात, "मंग सवतीला बी चालंल." मी म्हटलं, चालेल. मग सांगितलं की जुन्या इंग्रजीत क्वचित कुठे तो 'जोडीदार' म्हणूनही येतो, सोबतीने पहारा देणारा. त्यावर तुम्ही अडून बसलात. "हा खरा. हाच अर्थ शिकव पोरांना."

मी म्हणायची, अक्का, शब्दाचा अर्थ आज लोक जो धरतात तोच. परीक्षेत 'शेजारी' लिहिलं तर मार्क कापावे लागतील. मुळातला अर्थ वाहून गेला.

"पानी खाली वाहून गेलं म्हनून हीर खोटी का?"

मी विषय बदलायची. पण आठ दिवसांनी पुन्हा तोच वाद. तुमचं म्हणणं एकच होतं. एक पाणी आहे म्हणून भांडण आहे. पाणी वेगळं झालं की भांडायला कोण येतं आणि का येतं? ज्या घराशी आपलं पाणी नाही त्या घरातलं कोणी मेलेलंही आपल्याला उशिराच कळतं. मी म्हणायची, हे सगळं ठीक, पण माझी वीस मिनिटं? "तुझी वीस मिंटं गेली चुलीत," असं तुम्ही म्हणायच्या आणि बुधवारी पत्रा माझ्या पाटावर सरकवायच्या, बरोबर वीस मिनिटं आधी.

त्यानंतर तुम्ही त्या शब्दाचं जे केलंत ते कुठल्या शब्दकोशात नसेल. पंचवटीच्या मार्केटात मेथीच्या जुड्या लावता लावता माझी ओळख करून द्यायच्या, "ही माझी धाकटी जाऊ. माझी रायव्हल हाय." व्यापारी गोंधळून बघायचे. हळदीकुंकवाला, बँकेत, गोदेच्या काठी, आपल्या गंगेवर, भांडी घेताना दुकानात, सगळीकडे रायव्हल. विहिरीचा गाळ काढला तेव्हा ते घड्याळ वर आलं, तर तुम्ही ते घासूनपुसून माझ्या ओट्यावर आणून ठेवलंत. "घे रायव्हल. तुझी पाळी संपली."

आणि गेल्या महिन्यात त्या दवाखान्यात. नर्स सलाईन बदलत होती, तिने विचारलं, या कोण तुमच्या? तुमच्या तोंडाला कोरड पडली होती, शब्द जुळत नव्हते. मला वाटलं, जाऊ म्हणाल. तुम्ही ओठ ओले करून म्हणालात, "रायव्हल." नर्सला वाटलं तुम्हाला भ्रम झालाय. ती मला बाहेर नेऊन म्हणाली, पेशंट थोडं असंबद्ध बोलतायत. मी तिला सांगितलं की अजिबात नाही, अगदी बरोबर बोलतायत. मग जिन्यात जाऊन मी रडून घेतलं.

आता दुसरी कबुली. त्या पहिल्या रविवारी जोशात येऊन मी तुम्हाला सांगितलं होतं की 'रायव्हल' आणि 'रिव्हर', म्हणजे नदी, या दोघी सख्ख्या बहिणी. एका घरातले शब्द. तुम्हाला ते इतकं आवडलं की तुम्ही ते सगळ्या मळ्यांतून सांगत सुटलात. गंगेच्या काठावर उभं राहून म्हणायच्या, "ही रिव्हर आन ही माझी रायव्हल, सख्ख्या भैनी." अक्का, ते चुकीचं होतं. मी ते बघितलं नव्हतं, नुसतं ठोकून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर नीट बघितलं, तर 'रिव्हर' निघाला वेगळ्याच घरातला. त्याचं मूळ 'रीपा'. रीपा म्हणजे काठ. पाणी नाही, काठ. 'अराइव्ह' म्हणजे पोचणे, तोही त्याच घरचा, मुळात काठाला लागणे. रिव्हर आणि रायव्हल शेजारणी आहेत, दिसायला सारख्या, पण बहिणी नाहीत.

तुमचं हसतं तोंड बघून हे सांगायचा धीर झाला नाही. मास्तरणीची चूक बाई जगाला अभिमानाने सांगतेय आणि मास्तरीण गप्प! मुलांच्या वहीत अशी चूक असती तर मी लाल शाईने गोल केला असता. आज माझ्याभोवती गोल करते.

आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती मात्र तुमच्या बाजूची आहे. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर शोधता शोधता सापडली. आम्ही शिक्षक म्हणतो ना, अमका शब्द तमक्यापासून 'डिराइव्ह' झाला, म्हणजे निघाला? तो 'डिराइव्ह' त्याच रीवुसमधून आलाय. मूळ अर्थ, ओढ्यातून पाणी काढून वळवून नेणं. म्हणजे इंग्रज शब्दाचं मूळ सांगायला बसतो तेव्हाही तो पाटच मोडत असतो, अक्का. हे सांगायला मी आत धावत आले होते. तुम्हाला झोप लागली होती. उद्या सांगू म्हटलं. मग तो उद्या राहिला.

आता या पंधरा दिवसांचं सांगते.

शनिवारी गंगेवर तुमचा दहावा केला. कावळ्याने वेळ लावला. तुमच्या संतोषने एकेक करून सगळं कबूल केलं, बहिणीला अंतर देणार नाही, मळा विकणार नाही. कावळा शिवेना. शेवटी मी पुढे होऊन मनात म्हटलं, विहीर राहील. आता कावळा त्यानेच शिवला असं मी म्हणत नाही, मी विज्ञानाच्या मास्तरांशेजारी तीस वर्षं बसले आहे. पण शिवला.

आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर संतोष आमच्या ह्यांना म्हणाला, "काका, आता ते सामाईक प्रकरण मिटवून टाकू. आई होती तोवर तिनं सांभाळलं. मला सातपूरची शिफ्ट करून पाळी कुठं जमणार? दोघं आपापली बोअर घेऊ. मोबाईलवरून मोटर चालू, मोबाईलवरून बंद. हीर बुजवून टाकू, पाडव्यानंतर जेसीबी येतोच हाय शेत सपाट करायला."

हे म्हणाले, "बरोबर बोलतोय पोरगा. कटकट तरी मिटेल."

पोरगा वाईट नाही. तुमचाच आहे. तुमच्या आजारपणात रजा काढून त्यानेच पाणी भरलं. त्याची दगदग मला दिसते. पण मी चहाचे कप खाली ठेवले आणि म्हटलं, "विहीर बुजणार नाही."

"काकू, हा भावनेचा प्रश्न नाय."

"नाहीच मुळी. पाण्याचा आहे. पलीकडच्या मळ्यातल्या दोन बोअर गेल्या उन्हाळ्यात नुसता धुरळा ओकल्या, ते बघितलंस ना? ही विहीर तुझ्या आजोबांपासून आटलेली नाही, कारण तिला दर रविवारी कोणी तरी विसावा दिलाय. आणि दुसरं, सातबाऱ्यावर निम्म्या विहिरीला माझं नाव आहे. माझ्या होकाराशिवाय मुरमाची एक पाटी तिच्यात पडणार नाही."

तो उठून गेला. आमचे हे रात्री जेवताना म्हणाले, कशाला पोराला दुखवतेस? मी म्हटलं, मी कुठे दुखवलं, मी फक्त नाही म्हटलं. घरात 'नाही' म्हणायचं काम तुम्ही करत होतात, आता मला करावं लागणार.

पण अक्का, नुसत्या माझ्या नकाराने विहीर वाचणार नव्हती, हे मला कळत होतं. त्याने बोअर घेतली आणि विहिरीकडे पाठ फिरवली तर ती न बुजवताही बुजली. आधी कचरा पडतो, मग कठडा ढासळतो. एकटीने राखलेली विहीर किती दिवस राहणार?

रविवारी मी माझ्या काठावर जाऊन उभी राहिले. समोर कोणी नव्हतं. कड्या मोजल्या, नऊ. लिंबाला सांगितलं, "लिंबा, नऊ." कोणी म्हणालं नाही की चश्मा पूस. तुम्ही गेलात हे मला स्मशानात नाही कळलं, दहाव्याला नाही कळलं. ते तिथे कळलं. मी कठडा धरून खालीच बसले.

सोमवारी माझी पाळी. या आठवड्यात लाईट दिवसाची, साडेआठला येते. पंप लावला आणि पत्रा काढून माझ्याच पाटावर घातला. पाणी डावीकडे, तुमच्या झेंडूला. दोन पाळ्या त्याला पाणी नव्हतं. पाडव्यासाठी लावलेला, कळ्या धरलेला आणि माना टाकलेला. चपला काढून सरीच्या टोकाला उभी राहिले. पायाला गार लागलं तेव्हा हाक मारायला पलीकडे कोणी नव्हतं, म्हणून मीच पळत जाऊन सरी मोडायची आणि पुन्हा पळत टोकाला. एक तास. दिंडोरीच्या लग्नाच्या शुक्रवारचा तो तास. फेडला, अक्का. कोणी बघितलं नाही ते बरंच झालं, साठीच्या बाईला अशी पळताना बघून लोक हसले असते.

मंगळवारी तेरावं. गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले. बुधवारी मी दिवसभर विचार केला. त्याला समजावून उपयोग नव्हता. समजावल्याने माणूस मान डोलावतो आणि करायचं तेच करतो, हे वर्गात शिकले. मग तुमचं वाक्य आठवलं. एक पाणी आहे म्हणून भांडण आहे. मी ते इतकी वर्षं खोडत आले होते. म्हटलं, एकदा उलटं करून बघू, भांडण लागलं तर पाणी एक राहील.

म्हणून आज गुरुवारी, तुमच्या पाळीला, साडेआठला लाईट आल्याबरोबर मी पंप लावला. पत्रा तुमच्या पाटावर घट्ट बसवला, वर धोंडा ठेवला. सगळं पाणी माझ्या दोडक्यांना. आणि कठड्यावर बसून राहिले.

पावणेनऊ झाले. तुमच्या घराचं दार उघडं, पण कोणी बाहेर येईना. नऊला पाच कमी. मी मनात म्हणत होते, ये रे बाबा. ओरड. शिव्या दे. आला नाहीस तर सगळं संपलं. नऊ वाजले.

मग गाडीचा आवाज आला. संतोष. अंगात कंपनीचा निळा शर्ट, दुपारच्या शिफ्टला जायचं, तरी सकाळीच चढवलेला. गाडी स्टँडला न लावता तशीच बांधाला टेकवली.

"काकू! आज गुरुवार हाय!"

"असेल."

"असेल काय? आमची पाळी हाय. अर्धा तास झाला. पानी कोनाच्या वावरात चाललंय बघा."

"तुमची कसली पाळी? तुम्ही तर बोअर घेणार."

"घेऊ तवा घेऊ! आज पानी आमचं हाय. आईचा झेंडू सुकून चाललाय तिकडं. सोमवारी कोनीतरी जरा भरलाय म्हनून तगलाय. पत्रा काढा."

"नाही काढत."

त्याने धोंडा लाथेने उडवला, पत्रा उपसला आणि खाडकन माझ्या पाटावर मारला. पाणी डावीकडे वळलं. तो हौदाशी उभा, दम लागलेला, आणि मला त्या क्षणी इतका तुमच्यासारखा दिसला की मला तोंड फिरवावं लागलं. मग त्याने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, विजारीचे पाय दुमडले आणि फावडं घेऊन झेंडूत शिरला. पाच-सात मिनिटांनी तिकडूनच ओरडला, "काकू, नुस्तं बसलाय काय? टोकाला उभं ऱ्हा की!"

मी चपला काढल्या. टोकाला जाऊन उभी राहिले. पायाला गार लागलं की हाक मारत होते. आम्ही अर्धा झेंडू भरला.

जाताना गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, "आज तुम्ही आमचा अर्धा तास खाल्लाय. सोमवारी अर्धा तास उशिरा लावायचा पंप."

"बघू."

"बघू नाय. आन रविवारी किती होत्या कड्या?"

"नऊ."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही ते घड्याळ उचलण्याआधी पाहिलं होतंत. "नऊ? माझ्या अंदाजानं आठ पायजेत. या रविवारी मी येतो बघायला. तुमच्या मोजन्यावर माझा भरवसा नाय."

गाडी गेली. मी तशीच ओल्या पायांनी उभी होते. मग लिंबाकडे गेले आणि म्हटलं, लिंबा, तिला सांग. रविवारी समोरच्या काठावर माझा रायव्हल उभा असणार आहे.